तापीकाठी सायकल: काटे, काळी माती आणि पाटाचा रस्ता

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात फिरायचं तर महामार्ग सोडा. पाटाच्या कडेचे आणि शिवारातले रस्ते धरा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच दिवस. ओल असताना गेलात तर काळी माती मडगार्डमध्ये अशी गच्च बसते की चाक फिरतच नाही. टायर ३५ ते ४० मिमी, हवा ४५-५० पीएसआय.

सगळ्यात छळतो बाभळीचा काटा. नुसती ट्यूब बदलून मोकळे होऊ नका. टायर आतून बोटाने सावकाश चाचपा, मोडलेलं टोक चिमट्याने उपटा, नाहीतर नवी ट्यूबही लगेच पंक्चर होते. सोबत दोन ट्यूब, तीन लिटर पाणी.

चांगदेवला तापी-पूर्णेचा संगम जरूर पाहा, पण हतनूर धरणाच्या फुगवट्याच्या गाळात सायकल उतरवू नका.