थर्मिक ऑइलची टाकी: या चुका टाळा

तक्रार ठरलेली असते: उष्णता साठवायला टाकीत महागडं थर्मिक ऑइल (तापवून उष्णता धरून ठेवणारं तेल) भरलं, तरी सकाळपर्यंत टाकी गार! आणि मग तेल बदलायचा विचार सुरू होतो.

पण उष्णता साठवण्यात तेल पाण्याच्या मागेच आहे. एक लिटर पाणी एक अंश तापताना सुमारे ४.२ किलोज्यूल घेतं. खनिज, सिंथेटिक किंवा सूर्यफुलाचं तेल साधारण १.८. तेलातेलांत फरक किरकोळ. रात्रीची उष्णता जाते ती झडपा, मॅनहोल आणि टाकीचे पाय उघडे राहतात म्हणून. आधी तिथलं लॅगिंग, म्हणजे उष्णता अडवणारं आवरण, बघा.

मग तेल वापरायचंच कशाला? तापमानासाठी. २०० लिटर तेल २५० वरून १०० अंशांवर आलं, तर जेमतेम १५ युनिट मिळतात. तेवढंच पाणी ९५ वरून ४५ वर आलं, तरी साडेअकरा मिळतात. नुसतं अंघोळीचं पाणी तापवायचं असेल, तर तेलाच्या भानगडीत पडूच नका.

तेल निवडताना कमाल तापमानाइतकंच किमान तापमानही वाचा. ४०० अंशांपर्यंत चालणारं बायफिनाइल-डायफिनाइल ऑक्साइडचं मिश्रण १२ अंशांना गोठतं; निफाडच्या थंडीत पाइपातच बसेल. खाद्यतेल स्वस्त, पण हवेच्या संपर्कात दोनशेच्या वर फार काळ ठेवलं की दाट, चिकट होतं आणि कॉइलवर थर धरतं. हवा लागू नये म्हणून टाकीत तेलाच्या वर नायट्रोजन ठेवला तर ते बरंच टिकतं.

टाकी काठोकाठ भरणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. तापमान २०० अंशांनी वाढल्यावर तेल सुमारे १५ टक्के फुगतं; फुगलेलं तेल सामावणारा एक्स्पान्शन टँक हवाच. नव्या किंवा धुतलेल्या टाकीत पाणी राहिलं असेल, तर १०० अंशांच्या आसपास तडतड ऐकू येते. तिथे घाई नको. व्हेंट उघडा ठेवून वाफ निघून जाऊ द्या, मगच पुढे तापवा.

पंप सुरू होताच वरचं तापमान घसरतं आणि खालचं चढतं का? मग थर मिसळताहेत. गरम तेल वरच्या तोंडातून, थंड खालच्या तोंडातून, तेही डिफ्यूझरमधून (धार पसरवणाऱ्या तोंडातून) हळू सोडा. तेल उष्णता वाहून नेण्यात मंद असल्याने न ढवळलेले थर तासन्‌तास टिकतात.

आणि लॅगिंग तेलाने भिजलं असेल तर पुसून भागत नाही. भिजलेलं लॅगिंग आतल्या आत तापून पेट घेतं. कॅलिफोर्नियातल्या सेग्स-१ या सौरऊर्जा प्रकल्पातली खनिज तेलाची साठवण १९९९ मध्ये आगीत गेली, ती पुन्हा उभारलीच नाही. भिजलेला भाग कापून काढा, गळणारा फ्लँज (पाइपांचा बोल्टने जोडलेला सांधा) दुरुस्त करा आणि फ्लँजभोवती नवं लॅगिंग गुंडाळू नका; गळती डोळ्यांना दिसली पाहिजे.