जपानी गाडीचा स्पीडोमीटर कन्व्हर्टर बदलायचाय? आधी सांधे उघडून बघा

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आपल्या काही मंडळींकडे जपानहून आलेल्या जुन्या गाड्या आहेत, कोणाकडे अल्फार्ड, कोणाकडे एस्टिमा, माझ्याकडे माझदाची बोंगो. या गाड्यांचं एक दुखणं मला दोन आठवडे छळून गेलं म्हणून सगळं सविस्तर लिहितोय. नोव्हेंबरमधला पाऊस, मोटरवेवर सत्तरच्या आसपास चाललो होतो, आणि स्पीडचा काटा एकदम थरथरायला लागला, चाळीसवर आला, परत वर गेला आणि मग सरळ शून्यावर जाऊन पडला. गाडी पळतेय आणि काटा शून्यावर, ओडोमीटर म्हणजे एकूण अंतराचा आकडाही थांबलेला. पुढचे तीस मैल बायको मोबाइलवर जीपीएस बघून वेग सांगत होती तसे घरी आलो.

आधी ही भानगड काय ते समजून घ्या, नाहीतर नुसत्या वायरी मोजत बसाल. जपानमध्ये गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात, स्टिअरिंग उजवीकडे, म्हणून त्या इंग्लंडमध्ये अगदी फिट बसतात, पण तिथला स्पीडोमीटर किलोमीटरमध्ये आणि इथे रस्त्यावरच्या पाट्या मैलात. गिअरबॉक्सवरचा सेन्सर चाक फिरेल तसे विजेचे ठोके पाठवतो, मीटर ते ठोके मोजून काटा हलवतो. जुन्या जपानी गाड्यांचं नेहमीचं गणित असं की स्पीडोमीटरची केबल एका किलोमीटरला ६३७ फेरे फिरते, सेन्सर एका फेऱ्याला ४ ठोके देत असेल तर किलोमीटरला २५४८ ठोके. ताशी ६० किलोमीटरला, म्हणजे मिनिटाला एक किलोमीटर, सेकंदाला साधारण साडेबेचाळीस ठोके. कन्व्हर्टरची छोटी डबी या वायरीच्या मधे बसते आणि ठोक्यांची संख्या १.६०९ ने भागून पुढे देते, साडेबेचाळीसचे साडेसव्वीस होतात आणि काटा ६० ऐवजी ३७ वर थांबतो. ६० किलोमीटर म्हणजे ३७ मैल, बरोबर. म्हणजे डायलवरचे आकडे तेच राहतात, फक्त ते आता मैल म्हणून वाचायचे.

हे बंद पडलं तर चालढकल करू नका हे मनापासून सांगतो. इथे स्पीडिंगला कमीत कमी १०० पौंड दंड आणि लायसन्सवर ३ पॉइंट, वेल्समध्ये तर सप्टेंबर २०२३ पासून वस्तीतल्या बहुतेक रस्त्यांवर वीसची मर्यादा आहे आणि वीस आणि अठ्ठावीसमधला फरक नुसत्या अंदाजाने कळत नाही. शाळेच्या गल्लीत तरी नक्कीच नाही. स्पीडोमीटरने थोडा जास्त वेग दाखवला तर नियमात चालतं, कमी दाखवलेला अजिबात चालत नाही.

आता एक गोष्ट आधी तपासा, कारण इथे भलेभले फसतात. मैलांसाठी दोन रस्ते आहेत. एक म्हणजे ही डबी, दुसरा म्हणजे डायलचा कागदच बदलायचा, ज्यावर आकडे मैलांच्या हिशोबाने छापलेले असतात आणि मीटर आत किलोमीटरनेच चालतो. दोन्हीपैकी एकच असायला हवं. तुमच्या डायलवर मोठे आकडे १८० पर्यंत असतील तर तो जपानी मूळ डायल, त्याला डबी लागते. आकडे ११० च्या आसपास संपत असतील तर बहुतेक डायल बदललेला आहे, त्याला डबी लावलीत तर वेग दोनदा भागला जाईल आणि खऱ्या ६० मैलांना काटा ३७ दाखवेल. हा प्रकार काटा बंद असण्यापेक्षा वाईट, कारण बंद काट्यावर कोणी विश्वास ठेवत नाही.

निदान घरबसल्या अर्धं होतं. जीपीएस लावून सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगाने जा, शेजारी कोणाला तरी बसवा आणि आकडे त्याला लिहू द्या, गाडी चालवताना तुम्ही मोबाइलकडे बघू नका. जीपीएसवर ५० मैल असताना मूळ डायलचा काटा ८० वर असेल तर डबी भागायचं काम करत नाहीये किंवा कोणीतरी ती वगळून वायरी थेट जोडल्यात. काटा ३१ वर असेल तर वेग दोनदा भागला जातोय. दोन-चार मैल इकडेतिकडे असेल तर टायरचा साइज बदललाय का बघा, डबीला हात लावायची गरज नाही. आणि काटा मेलेलाच असेल तर एक खूण लक्षात ठेवा, ऑटोमॅटिक गाडीचे गिअर व्यवस्थित पडतायत का, क्रूझ कंट्रोल असेल तर ते लागतंय का. माझ्या गाडीत गिअर अगदी नेहमीसारखे पडत होते, म्हणजे गिअरबॉक्सला वेग कळत होता, म्हणून मी शोध मीटरच्या मागून सुरू केला, गाडीखाली शिरलोच नाही. ही खूण सगळ्याच गाड्यांना लागू पडत नाही, काही गाड्यांत गिअरसाठी वेगळा सेन्सर असतो, पण सुरुवात कुठून करायची ते कळतं.

डॅशबोर्ड उघडण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि दहा मिनिटं चहा पिऊन या, एअरबॅगमध्ये साठलेला करंट उतरू द्यायचा असतो. पिवळ्या वेष्टनातल्या वायरी किंवा पिवळे कनेक्टर दिसले तर ते एअरबॅगचे, तिथे मल्टिमीटरची टोकंसुद्धा लावायची नाहीत. स्क्रूंबद्दल एक सांगतो, जपानी गाड्यांचे अधिक चिन्हाचे स्क्रू आपल्या नेहमीच्या फिलिप्स स्क्रूड्रायव्हरला नीट बसत नाहीत, जपानी मापाचा जेआयएस ड्रायव्हर मिळतो तो घ्या, नाहीतर पंचवीस वर्षं न हललेल्या स्क्रूचं डोकं घासून जातं आणि मग तासभर त्यातच. मीटरभोवतीची प्लास्टिकची पट्टी थंडीत ओढू नका, आतल्या क्लिपा कडक होऊन तुटतात, बॅटरी काढण्याआधीच हीटर लावून गाडी गरम करून घ्या. मीटर बाहेर ओढताना मागच्या वायरी ताणू नका, थोडा तिरका करून आधी कनेक्टर सोडवा आणि प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढा, जोडताना देवासारखे उपयोगी पडतात.

मीटरच्या मागे काळ्या टेपमध्ये गुंडाळलेली काडेपेटीएवढी डबी असते, चार वायरी निघालेल्या. एक इग्निशनवर येणारे १२ व्होल्ट, एक अर्थ म्हणजे अर्थिंगची, एक सेन्सरकडून येणारा सिग्नल, एक मीटरकडे जाणारा. लाल-काळा रंग बघून ठरवू नका, ज्याने बसवली त्याने हातात आली ती वायर वापरलेली असू शकते.

आणि इथेच माझं मुख्य सांगणं आहे. लोक डबी सापडली की लगेच नवी मागवतात. थांबा, आधी टेप सोडवा आणि सांधे बघा. माझ्या गाडीत आधी ज्याने कोणी काम केलं होतं त्याने वायर न सोलता चिमटीत दाबायचे ते निळे प्लास्टिकचे जोड वापरले होते. टेप उलगडली तर आतून ओलसर, जोड उघडला तर तांब्याच्या सात-आठ तारांपैकी दोनच शाबूत, बाकीच्या पात्याने कापलेल्या, आणि त्या दोनवर हिरवा थर. बोटाने जरा हलवलं तर वायर हातात आली. या जोडाचं पातं सिग्नलच्या बारीक वायरीच्या तारा कापू शकतं, त्यात ओल शिरली की सगळं संपलं. मी ते चारही सांधे कापून टाकले, नव्याने जोडून बघितले, तरी काटा हलेना, तेव्हाच डबीवर संशय घेतला.

डबी खरंच गेलीये का ते ठरवायची परीक्षा पाच मिनिटांची आहे. सेन्सरकडून येणारी वायर आणि मीटरकडे जाणारी वायर डबीतून सोडवून एकमेकींना थेट जोडा, सांधा टेपने झाका, १२ व्होल्टची वायर चुकूनही त्यांना लागू देऊ नका. मीटर परत लावून, बॅटरी जोडून थोडं अंतर चालवून बघा. काटा हलला तर सेन्सर, वायर, मीटर सगळं ठीक आणि दोष डबीत किंवा तिच्या पुरवठ्यात. या वेळी मात्र काटा किलोमीटर दाखवतोय हे डोक्यात ठेवा, २० मैल म्हणजे ३२, ३० म्हणजे ४८, ७० म्हणजे ११२. मी हे आकडे कागदावर लिहून डॅशबोर्डला चिकटवले होते, नवी डबी येईपर्यंतचा आठवडा त्यावर निघाला.

पुरवठाही मोजाच. किल्ली ऑन करून डबीच्या पुरवठ्याच्या आणि अर्थच्या वायरीत १२ व्होल्टच्या आसपास यायला हवेत. एका मित्राच्या एस्टिमात स्पीडोमीटर फक्त रात्रीच चालायचा, दिवसा मेलेला. दोन ठिकाणी दाखवून झालं, एकाने तर डबीही बदलली. शेवटी आम्ही बसून मोजलं तर डबीच्या पुरवठ्याची वायर डॅशबोर्डच्या दिव्यांच्या वायरीवर मारलेली, साइडलाइट लावले की डबी जिवंत! मोजताना लाइट बंद ठेवून मोजा एवढंच.

थेट जोडूनही काटा हलत नसेल तर दुखणं सेन्सरकडे. तीन वायरींचा सेन्सर असेल तर किल्ली ऑन ठेवून, इंजिन ज्याला फिरवतं ते चाक जॅक स्टँडवर उचलून, गिअर न्यूट्रलला, जमिनीवरच्या चाकांना पुढेमागे ठोकळे लावून, चाक हाताने अगदी हळू फिरवा, सिग्नलच्या वायरीवर व्होल्टेज शून्य आणि पाच किंवा बारा असं वर-खाली व्हायला पाहिजे. फोर व्हील ड्राइव्ह गाडीला हे घरी करू नका, सरळ गॅरेजला न्या.

नवी डबी घेताना दोन गोष्टी विचारा. तुमचा सेन्सर दोन वायरींचा की तीन, कारण दोन वायरींचा सेन्सर एसी विजेचा कमजोर सिग्नल देतो आणि सगळ्या डब्यांना तो पकडता येत नाही. आणि डबीचं गुणोत्तर बदलता येतं का, छोट्या स्विचनी किंवा बटणाने, ०.६२ च्या आसपास बारीक फेरफार करता आला तर टायरचा फरकही त्यातच मिटतो. बसवायची जागा मात्र शक्यतो मीटरच्या अगदी मागे, इंजिनच्या कॉम्प्युटरकडे जाणारा फाटा फुटून गेल्यानंतर. फाट्याच्या आधी बसवलीत तर कॉम्प्युटरलाही भागलेला वेग जातो आणि गिअर चुकीच्या वेळी पडायला लागतात. काही टोयोटांमध्ये उलटं असतं, सिग्नल आधी मीटरला जातो आणि मीटर तो बाकीच्यांना वाटतो, अशा गाडीचा वायरिंग डायग्राम बघितल्याशिवाय कात्री उचलू नका.

जोडताना बॅटरी परत काढलेली हवी. वायर सोला, उष्णतेने आवळणारी नळी आधी सरकवून ठेवा (हे विसरलं की सगळा सांधा परत सोडवावा लागतो), तारा एकमेकींत पिळा, सोल्डर करा, थंड झाल्यावर नळी वर ओढून गरम करा. सेन्सरची वायर डबीच्या आत जाणाऱ्या बाजूला, मीटरची बाहेर येणाऱ्या बाजूला, उलटं झालं तर काटा हलत नाही. १२ व्होल्टच्या वायरीत १ अँपिअरचा फ्यूज टाका. अर्थ मीटरच्याच अर्थवर घ्या, डॅशबोर्डमागे दिसेल त्या स्क्रूवर नको, तो कधीकधी नुसत्या प्लास्टिकमध्ये बसलेला असतो.

माझी डबी मेली ती पाण्याने. पुढच्या काचेचं रबर एका कोपऱ्यात सुटलं होतं, थेंब वायरीवरून ओघळत थेट डबीत उतरत होता, उघडली तर आतल्या पट्टीवर पांढरी बुरशी. म्हणून नवी डबी वायरी खाली येतील अशी उभी बांधली आणि वायरींना डबीच्या खाली एक झोल ठेवला, म्हणजे पाणी आलंच तर झोलाच्या टोकाला गळून जाईल. काचेचं रबर त्याआधी बदलून घेतलं, नाहीतर नवीन डबीही पुढच्या पावसाळी नोव्हेंबरपर्यंतच टिकली असती.

सगळं बंद करायच्या आधी, मीटर नुसता टेकवलेला असतानाच, जीपीएसने ३०, ५० आणि ७० ला तपासा. एका वेगावर पंधरा-वीस सेकंद स्थिर राहा, जीपीएसचा आकडा जरा मागून येतो. काटा जीपीएसपेक्षा एक-दोन मैल जास्त दाखवेल असं गुणोत्तर ठेवा, कमी दाखवत असेल तर परत फिरवा. माझा ७० ला ७१ येतो, तसाच सोडलाय.

राहिला ओडोमीटर. डबी लागल्यापासून तो मैल मोजतो पण त्याआधीचे सगळे किलोमीटर, दोन्ही एकाच आकड्यात मिसळलेले. त्यात तो मधे बंद होता आणि आठवडाभर थेट जोडलेला असताना किलोमीटर मोजत होता. एमओटीला, म्हणजे इथल्या गाडीच्या सरकारी तपासणीला, दरवर्षी हा आकडा नोंदला जातो, मैल की किलोमीटर तेही लिहितात, आणि पुढे गाडी विकताना घेणारा नंबर टाकून ते सगळं ऑनलाइन बघतो. म्हणून काम झालं त्या दिवशीची तारीख, त्या वेळचा आकडा, किती दिवस मीटर बंद होता आणि नवी डबी कुठे बसवलीये एवढं एका कागदावर लिहून, वायरिंगच्या फोटोची प्रिंट जोडून, मी सर्व्हिस बुकात ठेवलंय.