क्रॉप मार्क लावले म्हणजे ब्लीड दिलं असं होत नाही

एक्सपोर्ट करताना क्रॉप मार्कवर (कोपऱ्यांवरच्या कापायच्या बारीक रेघा) टिक केली की फाइल प्रेससाठी तयार, असं खूप जण समजतात. पण मार्क फक्त कुठे कापायचं तेवढंच सांगतात. कटिंगला शेकडो कागदांची थप्पी एकदम मशीनखाली जाते, वरचा कागद आणि खालचा कागद यात थोडासा फरक पडतोच, आणि तेवढ्या फरकाने कडेला पांढरी रेघ दिसायला लागते. ती दिसू नये म्हणून बॅकग्राउंड कापायच्या रेषेच्या बाहेरपर्यंत न्यायचं, तेच ब्लीड. ते आपणच डिझाइनमध्ये द्यावं लागतं, सॉफ्टवेअर कुठून आणणार?

साधारणपणे चारही बाजूंना ३ मिमी चालतं. म्हणजे ए४ कापून २१० × २९७ हवा असेल तर आर्टवर्क २१६ × ३०३ मिमी पाहिजे. ८५ × ५५ चं व्हिजिटिंग कार्ड असेल तर ९१ × ६१.

इनडिझाइन किंवा इलस्ट्रेटरमध्ये नवीन डॉक्युमेंट उघडतानाच पेज साइज कापल्यानंतरचा टाका आणि ब्लीडच्या खान्यात ३ मिमी भरा, पानाबाहेर लाल रेघ येते, कडेला टेकणारा प्रत्येक फोटो आणि रंगाचा पट्टा त्या लाल रेघेपर्यंत ओढायचा. कोरलड्रॉमध्येही पेज साइज कापायचाच ठेवा आणि पीडीएफ करताना प्रीप्रेस टॅबमध्ये ब्लीड लिमिट आणि क्रॉप मार्क दोन्ही ऑन करा. फोटोशॉपमध्ये ब्लीडची वेगळी सोय नाही, तिथे कॅनव्हासच मोठा घ्या आणि ३ मिमी आत गाइड लावा.

फोटो कडेपर्यंतच संपत असेल तर एका बाजूने ताणू नका हो, चेहरे वाकडे होतात. पूर्ण फोटो प्रमाणात थोडा मोठा करा, पण मोठा केल्यावरही ३०० डीपीआयच्या (दर इंचाला ३०० ठिपके) आसपास राहतोय ना ते बघा.

आता इनडिझाइनचं एक्सपोर्ट. पीडीएफ प्रिंट निवडा, मार्क्स अँड ब्लीड्समध्ये क्रॉप मार्क टिक करा, खाली 'यूज डॉक्युमेंट ब्लीड सेटिंग्ज' पण टिक करा, ही दुसरी टिक राहिली तर सगळी मेहनत वाया. तिथेच ऑफसेट, म्हणजे कापायच्या रेषेपासून मार्क किती लांब सुरू होतो ते अंतर, असतो, तो आधीपासून ६ पॉइंट म्हणजे जेमतेम २.१ मिमी असतो, म्हणजे मार्कची टोकं ब्लीडमध्ये घुसतात आणि कटिंग जरा सरकलं की काळा ठिपका तयार मालावर दिसू शकतो. ऑफसेट ३ मिमी किंवा जास्त करा.

मजकूर, लोगो, फोन नंबर कापायच्या रेषेपासून निदान ३ ते ५ मिमी आत ठेवा. कडेला चिकटून बारीक बॉर्डर तर मी देऊच नका म्हणेन, कारण अर्धा मिमी जरी सरकलं तरी एका बाजूला जाड आणि दुसरीकडे बारीक दिसते. मराठी मजकूर कर्व्हमध्ये (म्हणजे अक्षरांऐवजी नुसत्या आकारांमध्ये) कन्व्हर्ट करा, नाहीतर समोरच्याकडे फॉन्ट नसला की जोडाक्षरं फुटतात, आणि मूळ फाइल वेगळी सेव्ह ठेवा.

पाठवायच्या आधी पीडीएफ उघडून चारही कोपरे ४०० टक्के झूम करून बघा. आडवा आणि उभा मार्क मनातल्या मनात पुढे वाढवला तर त्या रेषेच्या बाहेरही रंग दिसला पाहिजे, रंग तिथेच संपत असेल तर परत डिझाइनमध्ये जा. आणि प्रेसवाल्यांना आधीच विचारून घ्या, काही जण एका शीटवर अनेक जॉब स्वतः लावतात, त्यांना फक्त ब्लीड हवं असतं, मार्क नको असतात.