रायफलच्या पुंगळीला वंगण लावताना

डायमध्ये, म्हणजे पुंगळी मापात आणायच्या पोलादी साच्यात, अडकलेली माझी पहिली पुंगळी (काडतुसाचं पितळी कवच) मी अजून कामाच्या टेबलावर ठेवली आहे. .३०८ विंचेस्टर या रायफलच्या काडतुसाची. बुडाची कड एका बाजूनं फाटलेली, मधोमध भोक, भोकात आटे. तिला बाहेर काढण्यात शनिवारची अख्खी दुपार गेली आणि कारण एवढंच होतं की तिला वंगण नीट लागलं नव्हतं. इथे टेक्सासमध्ये रीलोडिंग, म्हणजे झाडलेल्या पुंगळ्या पुन्हा भरणं, सुरू करणारी आपली मंडळी मला बंदुकीच्या दारूच्या वजनाबद्दल विचारतात, गोळीबद्दल विचारतात, वंगणाबद्दल मात्र सहसा विचारत नाहीत. वजनकाटा आणि दारू हातात यायच्या कितीतरी आधी नवखा माणूस अडकतो तो इथेच.

आधी कायद्याचं, कारण ते सगळ्यांत महत्त्वाचं आहे. भारतात परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा शस्त्र कायद्यानुसार गुन्हा आहे, तेव्हा हे वाचून तिकडे कुणी प्रयोग करू नये. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी काडतुसं भरायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही. विकायची असतील तर लागतो. पण एच-वन किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल तर बंदूकच काय, काडतूस बाळगायलाही केंद्रीय कायद्यानं बंदी आहे. शिकारीच्या वैध परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत. मी ग्रीन कार्ड हातात पडेपर्यंत थांबलो. तुम्हीही थांबा, किंवा वकिलाला विचारून मगच पाऊल उचला.

आता मुद्द्याकडे. गोळी झाडली की आतल्या दाबानं पितळ फुगतं आणि चेंबरच्या (बंदुकीत काडतूस बसतं त्या पोकळीच्या) भिंतीला जाऊन चिकटतं. .३०८ मध्ये हा दाब चौरस इंचाला ६२,००० पौंडांपर्यंत जाऊ शकतो. दाब उतरल्यावर पितळ थोडं आकसतं, पण मूळ मापाला येत नाही. म्हणून ती पुंगळी पोलादी डायमध्ये दाबून पुन्हा मापात आणायची. यालाच रीसाइझ करणं म्हणतात. काडतुसाच्या पितळात साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त असतं. असं मऊ पितळ कोरड्या पोलादावर जोरानं घासलं की त्याचा थर डायच्या भिंतीला धरतो आणि पुंगळी जागच्या जागी रुतते. या दोन धातूंच्या मधे एक पातळ पापुद्रा टिकवून ठेवायचा, एवढंच वंगणाचं काम.

बरेच जण सुरुवात पिस्तुलाच्या काडतुसांपासून करतात. ९ मिलिमीटरसाठी कार्बाइड या फार कठीण पदार्थाची डाय मिळते, तिला वंगण लागत नाही. शेकडो पुंगळ्या कोरड्याच सरसर निघतात आणि हाताला तीच सवय लागते. रायफलची पुंगळी लांब, बाटलीच्या आकाराची, तिला मान आहे, खांदा आहे, आणि तिचा जवळजवळ पूर्ण देह डायला घासतो. इथे ती सवय घात करते.

माझं असं झालं. फवाऱ्याचं वंगण आणलं होतं, पुंगळ्या ट्रेमध्ये मांडून फवारा मारला आणि लगेच कामाला लागलो. डब्यावर थांबायला सांगितलेलं होतं, मी थांबलो नाही. पहिल्या सहा-सात गेल्या. पुढची अर्ध्यात जड झाली. मी प्रेसचा, म्हणजे पुंगळी डायमध्ये दाबणाऱ्या यंत्राचा, दांडा आणखी रेटला. ती वर गेली, पण खाली येईना. जोर लावून ओढली तेव्हा बूड धरून ठेवणाऱ्या शेलहोल्डरनं तिची कड फाडली आणि पुंगळी डायमध्येच राहिली.

क्लबात एक निवृत्त मशिनिस्ट आहेत. डाय घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी आधी विचारलं, “जड लागली तेव्हा थांबला का नाहीस?” मग स्वतः काहीही न करता सगळं माझ्याच हातानं करून घेतलं. डायमधली डीकॅपिंगची काडी (जुना प्रायमर, म्हणजे बुडातली ठिणगी पाडणारी टोपी, बाहेर ढकलणारी) जेवढी मागे घेता येईल तेवढी घेतली, म्हणजे ड्रिल तिच्यावर आदळत नाही. पुंगळीच्या बुडाला सात नंबरच्या ड्रिलनं भोक पाडलं, त्यात १/४-२० चे आटे पाडले, वर एक पोकळ टोपण ठेवून बोल्ट पान्यानं हळूहळू आवळत गेलो. कट्ट असा आवाज झाला आणि पुंगळी बाहेर आली. हे सगळं सामान अडकलेली पुंगळी काढायचा संच म्हणून तयार मिळतं. गरज पडायच्या आधीच घेऊन ठेवा.

वंगण कोणतं घ्यावं? माझं मत सरळ आहे. शिकताना मेण घ्या. इम्पीरियल सायझिंग डाय वॅक्सची छोटीशी डबी हजारो पुंगळ्यांना पुरते. एकेक पुंगळी हातात धरावी लागते, वेळ जातो, पण त्या निमित्तानं तिच्यावरून बोटही फिरतं आणि चीर, खळगा, चिकटलेली वाळू बोटाला कळते. हात बसला आणि एका वेळी शंभर-दोनशे पुंगळ्या करायच्या असतील तर लॅनोलिन आणि अल्कोहोलचं मिश्रण. जुन्या पद्धतीची वंगणाची गादी असते, तिच्यावर पुंगळ्या लोळवतात. तिच्यावर धूळ आणि कचरा बसतो, म्हणून मी ती सोडून दिली.

लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरीतली चरबी. पहिली बाटली उघडली तेव्हा मला आजोळच्या माळ्यावरची घोंगडी आठवली, पावसात भिजून आल्यावरची, नेमका तोच वास. एक भाग द्रव लॅनोलिन आणि दहा ते बारा भाग ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, हे माझं प्रमाण. औषधांच्या दुकानातलं ७० टक्क्यांचं नको, त्यातल्या पाण्यामुळे लॅनोलिन नीट विरघळत नाही. लॅनोलिन घट्ट वाटलं तर त्याची बाटली गरम पाण्यात ठेवा. अल्कोहोल मात्र कधीही तापवायचं नाही. ते सहज पेट घेतं, त्याच्या वाफाही पेटतात. गॅरेजचं दार उघडं असलं पाहिजे आणि जवळपास ज्योत, हीटर, सिगारेट काही नको.

लावण्याआधी पुंगळ्या स्वच्छ हव्यात. नेमबाजीच्या रेंजवरून उचललेल्या पुंगळीला चिकटलेला वाळूचा एक कण डायवर कायमचा ओरखडा पाडतो आणि मग प्रत्येक पुंगळीवर तोच ओरखडा उमटत राहतो. नवीन डायसुद्धा वापरण्याआधी सॉल्व्हंटनं पुसून घ्या, तिच्यात गंजरोधक तेल असतं.

फवारा मारताना पुंगळ्या तोंड वर करून ठेवा आणि थोडा तिरका मारा, म्हणजे मानेच्या आतही थोडं वंगण जातं. मग ट्रे हलवून दुसऱ्या बाजूनं मारा. आणि थांबा. मी दहा मिनिटं घड्याळ लावून थांबतो. अल्कोहोल पूर्ण उडून गेल्यावर मागे जो किंचित चिकट थर राहतो तेच वंगण. ओल्या पुंगळीवर ते अजून तयारच झालेलं नसतं.

मेण लावताना तर्जनी डबीवरून एकदा हलकेच फिरवायची, बस. अंगठा आणि बोटांमध्ये पुंगळी गोल फिरवायची. सर्वांत जास्त लक्ष बुडाकडच्या भागावर द्या, कारण तिथलं पितळ जाड असतं आणि सगळ्यात जास्त जोर तिथेच लागतो. खांद्याला मुद्दाम काही लावायचं नाही, बोटाला राहिलेलं पुरतं. उजेडात तिरकी धरली तर पुंगळी किंचित मंद दिसली पाहिजे. चकचकीत ओली दिसली तर जास्त झालं.

जास्त झालं की काय होतं? वंगण दाबलं जात नाही. खांदा आणि डाय यांच्यामध्ये ते कोंडतं आणि पितळालाच आत ढकलतं. खांद्यावर नखाएवढा खळगा पडतो. हलका खळगा पुढच्या वेळी गोळी झाडल्यावर निघून जातो, पण कड धारदार दिसली तर ती पुंगळी मी भंगारात टाकतो. डायला हवेसाठी बारीक भोक असतं, तेही तपासा. बुजलं असेल तर हाच त्रास होतो.

मानेची आतली बाजू लोक विसरतात. परत येताना डायमधला एक्स्पांडरचा गोळा, म्हणजे मान आतून मापात आणणारा, मानेतून ओढला जातो. तिथे कोरडं असेल तर चिरका आवाज येतो आणि मान ओढली जाऊन पुंगळी लांबते. .३०८ ची कमाल लांबी २.०१५ इंच आहे, त्यापुढे गेली की कापावीच लागते. मी नायलॉनच्या ब्रशला ग्रॅफाइटची पूड लावून प्रत्येक मानेतून एकदा फिरवतो.

वंगण सगळ्यांना सारखं लागणं अचूकतेसाठीही गरजेचं आहे. बोल्ट अॅक्शन रायफलसाठी (चेंबर मागून बंद करणारा बोल्ट हातानं मागेपुढे करायचा असतो ती) मी खांदा एक ते दोन हजारांश इंच मागे नेतो. एका पुंगळीला कमी आणि दुसरीला जास्त वंगण असेल तर डायची एकच मांडणी असूनही हे माप बदलतं. कम्पॅरेटर (खांद्यापर्यंतचं माप घेणारं साधन) लावून दहा पुंगळ्या मोजा, फरक समोर दिसेल.

दांड्यावर हात ठेवल्यावर कान आणि मनगट जागं ठेवा. नेहमीपेक्षा जड लागलं की पुढे रेटायचं नाही. तिथेच थांबून सावकाश मागे घ्यायचं, पुन्हा वंगण लावायचं. सैन्याच्या वापरातल्या ७.६२ मिलिमीटरच्या पुंगळ्यांचं पितळ जाड असतं, मशिनगनमधून सुटलेल्या तर जास्तच फुगलेल्या असतात. त्यांना जोर लागतो, म्हणून थोडं जास्त वंगण.

आणि काम झालं की वंगण काढून टाका. ही पायरी कंटाळ्यानं गाळू नका. तेलकट पुंगळी चेंबरच्या भिंतीला पकड घेत नाही आणि सगळा जोर रायफलच्या बोल्टवर जातो. मानेत राहिलेलं वंगण दारू आणि प्रायमर खराब करू शकतं. मी मक्याच्या कणसाच्या भुशात अर्धा तास टंबलरमध्ये (पुंगळ्या घासून स्वच्छ करणाऱ्या यंत्रात) फिरवतो. थोड्याच असतील तर अल्कोहोलनं ओलसर केलेलं फडकं पुरतं.

घरातली पितळेची भांडी घासायची अमोनियाची पॉलिश मात्र इथे चालत नाही. ब्रिटिश लष्कराच्या हिंदुस्थानातल्या छावण्यांमध्ये पावसाळ्यात साठवलेली पितळी काडतुसं आपोआप तडकायची. कारण कळायला १९२१ साल उजाडलं: तबेल्यातल्या घोड्यांच्या मुतातून येणारा अमोनिया, दमट हवा आणि पितळात आधीच कोंडलेला ताण. डायमधून दाबून काढलेल्या तुमच्या पुंगळीतही तोच ताण असतो.

हे सगळं आवरून उठल्यावर हात साबणानं धुवा, खाण्याआधी तर नक्कीच. जुन्या प्रायमरच्या काजळीत शिसं असतं आणि वंगणामुळे ते बोटांना चिकटून राहतं. पहिल्या दिवशी वीसच पुंगळ्या घ्या, मेणाच्या डबीनं, एकेक करून, आणि विसावी झाल्यावर सगळ्या खिडकीच्या उजेडात एका ओळीत ठेवून प्रत्येकीचा खांदा बघा.