जर्नलच्या ऑनलाइन संग्रहात शोधताना या चुका टाळा

‘या विषयावर फारसं संशोधन झालेलं नाही’ हे वाक्य प्रबंधांच्या पहिल्या प्रकरणात सर्रास दिसतं. त्यामागे बहुतेक वेळा सर्चच्या चौकटीत टाइप केलेली एकच ओळ असते आणि वरवर चाळलेलं निकालांचं पहिलं पान. काही सापडलं नाही याचा अर्थ काही नाहीच असा होत नाही. शोध चुकीच्या जागी घेतला गेला असेल, किंवा चुकीच्या शब्दांनी.

संग्रह कोणत्या वर्षापासून सुरू होतो, हे न बघणं

ही चूक जीवावर बेतू शकते. २००१ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात दम्यावरच्या एका अभ्यासात २४ वर्षांच्या निरोगी स्वयंसेविकेला हेक्सामेथोनियम हे औषध श्वासावाटे देण्यात आलं. तिची फुप्फुसं निकामी होत गेली आणि महिन्याभरात तिचा मृत्यू झाला. संशोधकाने आधी पबमेड या वैद्यकीय लेखांच्या ऑनलाइन सूचीत शोध घेतला होता, त्या वेळची पाठ्यपुस्तकंही पाहिली होती. पण तेव्हा पबमेडच्या नोंदी १९६६ पासून सुरू व्हायच्या, आणि या औषधामुळे फुप्फुसांना होणाऱ्या इजेबद्दलचे लेख १९५० च्या दशकातले होते. ते छापील सूच्यांमध्ये होते, ग्रंथालयांच्या कपाटांत होते. ऑनलाइन शोधात मात्र त्यांचा मागमूस नव्हता.

पबमेडच्या जुन्या नोंदी आता १९४६ पर्यंत मागे गेल्या आहेत, काही तर त्याहून आधीच्या आहेत. म्हणून प्रश्न सुटला असं मात्र नाही. १९७५ पूर्वीच्या बहुतेक नोंदींना सारांशच नाही, नुसतं शीर्षक आहे. तुमचा शब्द शीर्षकात नसेल तर तो लेख तुमच्यासाठी नसल्यासारखाच.

जेस्टोर या जर्नलांच्या डिजिटल संग्रहात नेमकी उलटी अडचण येते. तिथे जुने अंक पहिल्या खंडापासून मिळतात, पण अनेक जर्नलांचे ताजे अंक प्रकाशकाशी झालेल्या करारानुसार मागे ठेवलेले असतात. ही मुदत साधारण ३ ते ५ वर्षांची असते. ‘अलीकडे कुणी लिहिलंच नाही’ असा निष्कर्ष नुसत्या जेस्टोरवरून काढणाऱ्याने जर्नलच्या पानावरचं शेवटचं उपलब्ध वर्ष पाहिलेलं नसतं.

यावर सवय एकच. नव्या संग्रहात पहिला शब्द टाइप करण्याआधी त्याची माहिती देणारं पान उघडा आणि तीन गोष्टी वहीत लिहा: पहिलं वर्ष, शेवटचं वर्ष, आणि शोध पूर्ण मजकुरात होतो की फक्त शीर्षक-सारांशात. याला पाच मिनिटं लागतात. ज्यांना ही पाच मिनिटं जड वाटतात, त्यांनी आपल्या निबंधात ‘आजवर’ हा शब्द वापरू नये.

आजचे शब्द घेऊन जुन्या अंकांत शिरणं

विद्युत अभियांत्रिकीच्या जुन्या अंकांत ‘कपॅसिटर’ शोधलात तर थोडंच हाती लागेल, कारण तेव्हा लोक ‘कंडेन्सर’ लिहीत. वारंवारता ‘हर्ट्झ’मध्ये नाही, ‘सायकल्स पर सेकंद’मध्ये सापडेल. आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीत (एसआय) हर्ट्झ आला तो १९६० साली. ‘ट्यूबरक्युलोसिस’च्या आधी ‘थायसिस’ आणि ‘कन्झम्प्शन’ होतं. संस्थांचंही तसंच आहे. आयट्रिपलई ही विद्युत अभियंत्यांची संस्था १९६३ साली एआयईई आणि आयआरई या दोन संस्था एकत्र येऊन झाली. त्याआधीचा लेख हवा असेल तर या दोन्ही नावांची प्रकाशनं बघावी लागतात. जर्नलच्या चाळणीत (फिल्टरमध्ये) आजचं नाव निवडलं की त्याच जर्नलची पूर्वीची नावं गळून जाऊ शकतात.

जुने शब्द अंदाजाने सुचत नाहीत, ते उचलून आणावे लागतात. त्या काळातला एखादा लेख कसाही करून मिळवा आणि त्यातल्या संज्ञा लिहून घ्या. मग त्याच जर्नलच्या त्या वर्षाच्या शेवटच्या अंकाकडे जा. पुष्कळ खंडांच्या अखेरीस वार्षिक विषयसूची छापलेली असते आणि ती स्कॅनमध्येही असते. त्या काळच्या संपादकाने स्वतः लावलेले शब्द तिथे आयते मिळतात. घाईत असलेले नवखे ही पानं जाहिरातींसारखी ओलांडतात, याचं वाईट वाटतं.

स्कॅन केलेल्या अंकांत आणखी एक खाचखळगा आहे. शोध चालतो तो पानाच्या चित्रावर नाही, त्यावरून यंत्राने वाचून काढलेल्या मजकुरावर, आणि यंत्राचं वाचन चुकतं. रॉयल सोसायटीचं ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ १६६५ पासूनचं आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत इंग्रजी छपाईत लांबट ‘एस’ वापरला जाई. यंत्राला तो अनेकदा ‘एफ’ दिसतो आणि ‘सॉइल’चं ‘फॉइल’ होतं. तेव्हा त्या काळातला मजकूर शोधताना ‘एफ’चं रूपही टाकून बघा. दोन स्तंभांच्या पानांवर ओळीच्या शेवटी तुटलेले शब्दही असेच हरवतात. म्हणून एकाच लांब शब्दावर विसंबू नका. लेखात हमखास येतील असे दोन-तीन छोटे शब्द जोडीने द्या.

अवतरणचिन्हांचा अतिरेक

‘नेमकं हवं’ म्हणून प्रत्येक गोष्ट अवतरणचिन्हांत घालण्याची सवय पबमेडमध्ये महागात पडते. हार्ट अटॅक हे शब्द चिन्हांशिवाय टाका. पबमेड ते स्वतःच्या ‘मेश’ या नियंत्रित शब्दसूचीशी (नोंदींना विषयवार लावायच्या ठरलेल्या संज्ञांशी) जुळवून ‘मायोकार्डियल इन्फार्क्शन’खालच्या नोंदीही आणतं. तेच शब्द चिन्हांत टाकलेत की ही जुळवणी बंद होते आणि तंतोतंत तोच शब्दसमूह असलेल्या नोंदी तेवढ्या उरतात. शब्दाची सगळी रूपं मिळावीत म्हणून शेवटी तारा (*) लावला तरी जुळवणी बंदच होते. शिवाय ताऱ्याआधी किमान चार अक्षरं लागतात.

पबमेडने तुमच्या ओळीचं काय केलं ते लपून राहत नाही. ‘ॲडव्हान्स्ड’ पानावर जा, शोधांच्या इतिहासात त्या ओळीशेजारचा ‘डीटेल्स’चा बाण दाबा, पूर्ण भाषांतर समोर येतं. प्रत्येक महत्त्वाच्या शोधानंतर ते वाचायचंच. नको असलेला अर्थ घुसलेला असला तर तो तिथेच दिसतो.

याउलट फक्त ‘मेश’ संज्ञेवर भिस्त ठेवणंही चुकीचंच. पबमेडमधल्या सगळ्याच नोंदींना ‘मेश’ लागत नाही, आणि नव्या नोंदींना तो लागेपर्यंत त्या या शोधात दिसत नाहीत. म्हणून दोन्ही करा: ‘मेश’ संज्ञा, आणि तिच्यासोबत ‘ऑर’ने (म्हणजे ‘किंवा’ने) जोडलेले शीर्षक-सारांशातले मोकळे शब्द.

कंस न घालणं

‘ॲस्पिरिन अँड स्ट्रोक ऑर हार्ट अटॅक’ ही एकच ओळ घ्या. पबमेड डावीकडून उजवीकडे वाचतं. आधी ॲस्पिरिन आणि स्ट्रोक एकत्र येतात, मग हार्ट अटॅकवरचे सगळे लेख, ॲस्पिरिनचा संबंध असो वा नसो, त्यात ओतले जातात. वेब ऑफ सायन्स ही सर्व विषयांच्या लेखांची सूची ‘अँड’ला आधी मान देते, त्यामुळे तिथेही तोच पूर येतो. जो संग्रह ‘ऑर’ आधी सोडवतो, तिथे मात्र बरोबर निकाल मिळतो. मग लोक म्हणतात की पबमेड वाईट आहे. पर्यायी शब्द कायम कंसात घाला आणि ‘अँड’, ‘ऑर’ हे जोडशब्द कॅपिटल अक्षरांत लिहा, म्हणजे कुठलाही संग्रह असला तरी अर्थ बदलत नाही.

बाकीच्या, थोडक्यात

एका संग्रहाची खूण दुसऱ्यात नेऊ नका. शब्दांमधलं अंतर सांगायला वेब ऑफ सायन्समध्ये ‘निअर’ आहे, स्कोपस या तशाच दुसऱ्या सूचीत ‘डब्ल्यू’ आणि तिरकी रेघ, जेस्टोरमध्ये अवतरणचिन्हांनंतर लहरी रेघ (~) आणि आकडा.

गूगल स्कॉलर सुरुवातीला उत्तम, पण ‘हजारो निकाल’ म्हटलं तरी प्रत्यक्ष पहिले १००० च बघता येतात. पद्धतशीर आढावा नुसत्या त्यावर उभा करू नये.

लेखकाचं पूर्ण नाव टाकून थांबू नका. पबमेडमध्ये पूर्ण नावं २००२ पासूनच्या लेखांना आहेत, त्याआधी आडनाव आणि आद्याक्षरं.

पैसे मागणारं पान दिसलं की पाठ फिरवू नका. शीर्षक तसंच्या तसं स्कॉलरमध्ये टाका, ‘ऑल व्हर्जन्स’ उघडा, लेखकाच्या विद्यापीठाच्या संग्रहात स्वीकृत मसुदा (जर्नलने स्वीकारलेली, छपाईपूर्वीची प्रत) असतो का बघा. तरी नाही मिळाला तर ग्रंथपालांना विचारा. आंतर-ग्रंथालय देवाणघेवाण याचसाठी असते.

चॅटबॉटने दिलेला संदर्भ तपासल्याशिवाय वापरणं हा सगळ्यात वाईट आडमार्ग. त्याचा डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ओळखक्रमांक, डीओआयच्या संकेतस्थळावर टाका. लेख उघडला नाही किंवा भलताच उघडला, तर तो संदर्भ काढून टाका. अस्सल लेखाच्या पानावरही तो मागे घेतल्याची सूचना आहे का, ते पाहूनच पुढे जा.

आणि शोधाची ओळ जपून ठेवा: संग्रहाचं नाव, तारीख, पूर्ण ओळ आणि निकालांची संख्या. सहा महिन्यांनी मार्गदर्शक किंवा परीक्षक विचारतील तेव्हा ब्राउझरचा इतिहास कामी येत नाही.