गाडी मॉडिफाय करायची, पण वॉरंटी शाबूत ठेवून

ज्या शहराने २०१० साली एकाच दिवशी दीडशे मर्सिडीज घेतल्या, ज्याच्या एका अंगाला वाळूजमध्ये बजाजचा कारखाना आणि दुसऱ्या अंगाला शेंद्र्यात स्कोडाचा, त्या छत्रपती संभाजीनगरात गाडीची हौस हा काही नवा विषय नाही. आता जालना, लातूर, नांदेडलाही टर्बो पेट्रोल गाड्या दारात दिसतात आणि समृद्धी महामार्ग तर हाकेवर आलाय. गाडी घेऊन सहा महिने झाले की हात शिवशिवायला लागतात.

मग दोन तऱ्हेचे सल्ले मिळतात. शोरूमवाला म्हणतो, बाहेरचा एक नट लावला तरी वॉरंटी गेली समजा. गॅरेजवाला म्हणतो, काही होत नाही भाऊ, सर्व्हिसिंगला जाताना काढून ठेवायचं. दोघांचंही ऐकू नका. वॉरंटी हा एकच दिवा नाही, एका बटणावर लागणारा आणि विझणारा. दावा नाकारताना कंपनीने दाखवायला हवं की अमुक भाग बिघडला तो तुमच्या तमुक बदलामुळे. म्हणून प्रत्येक बदलाआधी स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: हा भाग बसवल्यावर याच्या आजूबाजूचं काय काय बिघडू शकतं, आणि ते बिघडलं तर बिल किती? त्या उत्तरावरून क्रम ठरवायचा.

पायरी १: वॉरंटीचं पुस्तक वाचा, जाहिरात नाही

ग्लोव्हबॉक्समध्ये पडलेलं ते पुस्तक बाहेर काढा आणि काय झाकलं जातं त्याआधी काय झाकलं जात नाही ते पान वाचा. ब्रेक पॅड, क्लच प्लेट, वायपर, फिल्टर असे झिजणारे भाग बहुतेक कंपन्यांच्या वॉरंटीत नसतातच. टायर आणि बॅटरीची वॉरंटी सहसा त्या त्या उत्पादकाची असते. म्हणजे या भागांची जबाबदारी गाडीच्या कंपनीने मुळात घेतलेलीच नाही. तिथे तुम्ही मोकळे आहात. एक्स्टेंडेड वॉरंटी घेतली असेल तर तिची कलमं वेगळी वाचा. ती पुष्कळदा विमा पॉलिसीसारखी असते आणि मॉडिफिकेशनबाबत मूळ वॉरंटीपेक्षा कडक असते.

यूट्यूबवर अमेरिकेतली मंडळी मॅग्नसन-मॉस कायद्याचा दाखला देतात. तो १९७५ चा अमेरिकी कायदा, तो आपल्या काउंटरवर दाखवून उपयोग नाही. आपल्याकडे जवळचं म्हणजे भारतीय स्पर्धा आयोगाचा २०१४ चा आदेश. सुटे भाग आणि दुरुस्तीच्या बाजारातली अडवणूक म्हणून आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला. त्यात हेही होतं की बाहेरच्या गॅरेजात गाडी दाखवली एवढ्याच कारणाने सरसकट वॉरंटी रद्द करू नये. सदोष कामामुळे झालेल्या नुकसानीपुरतीच ती नाकारावी. प्रकरण पुढे अपिलांत गेलं, आणि तो आदेश दुरुस्तीबद्दल आहे, रिमॅपबद्दल (इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवण्याबद्दल) नाही. तरी युक्तिवाद म्हणून त्याला वजन आहे.

पायरी २: आरटीओचं कुंपण ओळखा

वॉरंटी राहिली आणि गाडीच जप्त झाली तर काय घ्या! मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या नोंदींशी विसंगत असा बदल परस्पर करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीच्या मूळ रचनेला बाधा आणणाऱ्या बदलांना मज्जाव केला. बेकायदा बदलासाठी प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आली. रंग बदलायचा तर आरसीवर नोंद करून घ्या. इंजिन, चॅसिस, बॉडीचा सांगाडा यांना हात लावू नका. गाडीपुढचे लोखंडी बुलबारही नकोत, त्यांवर कारवाई होतेच, शिवाय एअरबॅगच्या सेन्सरचं गणित चुकतं ते वेगळं.

पायरी ३: सुरुवात टायर आणि ब्रेकपासून

पैसा पहिल्यांदा इथे घाला. गाडी जमिनीला चिकटते ती चार टायरांच्या तळहाताएवढ्या जागेवर, आणि या भागांवर कंपनीशी वाद होण्याची शक्यता सगळ्यात कमी.

एक हिशेब करून दाखवतो. बऱ्याच टर्बो सेडानना २०५/५५ आर१६ टायर येतो: रुंदी २०५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ५५ टक्के, रिम १६ इंची. त्याचा बाहेरचा व्यास साधारण ६३२ मिलिमीटर. त्याऐवजी २२५/५० आर१६ घेतला तर व्यास ६३१, म्हणजे जवळपास तोच. रुंदी मात्र २० मिलिमीटरने वाढली. आता कुणी म्हणालं, ग्राउंड क्लिअरन्ससाठी २०५/६० घ्या, तर व्यास ६५२ वर जातो, तीन टक्क्यांहून जास्त फरक. मग स्पीडोमीटर १०० दाखवतो तेव्हा चाक आधीपेक्षा तीन टक्के जास्त अंतर कापत असतं, आणि एबीएस, ट्रॅक्शन कंट्रोलचं गणितही त्याच चाकाच्या फेऱ्यांवर चालतं. ३ टक्के ही मर्यादा पाळा. रिमची रुंदी नव्या टायरला पुरते का ते बघा, लोड इंडेक्स (टायर पेलू शकतो ते वजन) आणि स्पीड रेटिंग (झेपणारा वेग) मूळपेक्षा कमी घेऊ नका. सगळ्यात निर्धोक साइज कोणता? त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला कंपनी स्वतः देते तो.

अलॉय घेताना पीसीडी (बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास), ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसतं ते) आणि सेंटर बोअर (मधल्या भोकाचा व्यास) तिन्ही जुळलं पाहिजे. दुकानदार 'बसतंय की' म्हणतो, पण नुसतं बसणं आणि हबवर नेमकं बसणं यात फरक आहे. ऑफसेट चुकला तर व्हील बेअरिंगवर ताण येतो आणि बेअरिंगचा दावा तिथेच संपतो.

ब्रेकमध्ये चांगले पॅड आणि ताजं ब्रेक फ्लुइड एवढं केलं तरी फरक जाणवतो. डॉट ४ फ्लुइड नवं असताना त्याचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो. हवेतली ओल शोषत गेलं की तो १५५ पर्यंत उतरू शकतो. कन्नडचा औट्रम घाट उतरताना पेडल मऊ लागण्याचं एक कारण हेच. दर दोन वर्षांनी बदला, शक्यतो अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्येच, म्हणजे नोंदही राहते.

सस्पेन्शन खाली घेण्याबद्दल मात्र माझं मत साफ आहे: आपल्याकडच्या स्पीडब्रेकरांवर ते पाप आहे. स्प्रिंग बदलली की शॉकअब्सॉर्बर, लिंक रॉड, ड्राइव्ह शाफ्ट या सगळ्यांच्या दाव्यांवर प्रश्नचिन्ह लागतं.

पायरी ४: वायरिंगला कात्री लावू नका

पुष्कळ दावे फिसकटतात ते रिमॅपवरून नव्हे, दोनशे रुपयांच्या कामावरून. दिव्यासाठी, हॉर्नसाठी, ॲम्प्लिफायरसाठी मूळ वायर सोलून तिच्यावर दुसरी पिळायची आणि वरून काळी टेप गुंडाळायची. मे महिन्यात टेपचा गोंद वितळतो, सांधा उघडा पडतो, पावसाळ्यात हिरवट गंज धरतो. एक दिवस डॅशबोर्डवर तीन दिवे एकदम लागतात. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर बॉनेट उघडून टेप उकलतो, मोबाइलवर फोटो काढतो आणि इलेक्ट्रिकलचा दावा तिथेच मिटतो. मूळ दोष दुसरीकडे असला तरी.

करायची रीत अशी. रिले (छोट्या सिग्नलवर मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) असलेली तयार हार्नेस, म्हणजे वायरांची जुडी, घ्या, जिची जोडणी कपलरला कपलर अशी होते. ताकद थेट बॅटरीवरून, बॅटरीजवळच फ्यूज टाकून. मूळ वायरमधून फक्त रिले चालवण्यापुरता सिग्नल. ५५ वॉटचा हॅलोजन १२ व्होल्टवर साडेचार अँपिअरच्या आसपास घेतो, १०० वॉटचा आठच्या पुढे. मूळ वायर आणि होल्डर पहिल्यासाठी बनलेत. शक्य असेल तिथे कंपनीच्याच ॲक्सेसरी यादीतला भाग शोरूममधून बसवून घ्या आणि बिलावर चॅसिस नंबर येऊ द्या. महाग पडतं खरं, पण त्या बिलाची किंमत भागात नाही, जबाबदारीत आहे. बाइकवाल्यांनाही हेच लागू. केटीएमचे पॉवरपार्ट्स किंवा रॉयल एनफिल्डच्या अधिकृत ॲक्सेसरीज याचसाठी असतात.

पायरी ५: एअर फिल्टर आणि सायलेन्सर

तेल लावलेला कापडी फिल्टर मराठवाड्यात मी कुणाला सुचवणार नाही. काळ्या मातीची बारीक धूळ, ऊसतोडीच्या हंगामातले रस्ते, कापसाच्या गाड्यांमागचा धुरळा. जास्त हवा आत घेणाऱ्या काही फिल्टरांतून जास्त धूळही जाते आणि ती टर्बोच्या, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याच्या, पात्यांना घासते. फिल्टरचं तेल जास्त झालं तर हवा मोजणाऱ्या सेन्सरवर त्याचा थर बसतो. टर्बो खोलल्यावर धूळ निघाली तर दाव्याचा विषयच नको. मूळ कागदी फिल्टरच कंपनीने सांगितलेल्या मुदतीच्या आधी बदला. इथे तेच खरं परफॉर्मन्स अपग्रेड.

सायलेन्सरचं म्हणाल तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) काढणं म्हणजे वॉरंटी, पीयूसी आणि पोलीस तिघांनाही एकदम आमंत्रण. आवाज आणि धुराच्या मानकांचा भंग केल्यास कलम १९०(२) खाली पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. राज्यातल्या कित्येक शहरांत जप्त सायलेन्सरांवर रोडरोलर फिरलेला आपण पाहिलाय. कन्व्हर्टरच्या मागचा भाग बदलला तर इंजिनच्या दाव्याला फारसा धक्का लागत नाही, पण आवाजाची मर्यादा राहतेच.

पायरी ६: रिमॅपचा विचार शेवटी

खरी मोहमाया इथे. लॅपटॉप जोडला, तासाभरात टॉर्क (चाकं फिरवणारा जोर) वाढला! पण तो टॉर्क जातो कुठून ते पाहा. फोक्सवॅगन-स्कोडाचं १.५ लिटर टीएसआय टर्बो इंजिन कंपनीकडूनच २५० न्यूटन-मीटर देतं. त्यासोबत येणारी सात गिअरची ड्राय क्लच डीएसजी ही ऑटोमॅटिक गिअरपेटी २५० पर्यंतच्या टॉर्कसाठीच बनलेली आहे. म्हणजे राखीव काही उरलेलं नाही. स्टेज वनवाले, म्हणजे भाग न बदलता फक्त रिमॅप करून देणारे, तीनशेच्या आसपासचे आकडे सांगतात. तो वरचा भार क्लच आणि मेकॅट्रॉनिकने (पेटीतले गिअर बदलणाऱ्या यंत्रणेने) सोसायचा. पेटीचं बिल लाखांत जातं.

'सर्व्हिसच्या आधी मूळ फाइल टाकून देऊ' हे आश्वासन पोकळ आहे. ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकात, किती वेळा प्रोग्रामिंग झालं याची मोजणी राहते, सॉफ्टवेअरची ओळख कंपनीच्या सर्व्हरवरच्या नोंदीशी ताडून पाहता येते. फोक्सवॅगन-स्कोडा गटात अशा गाडीवर टीडी१ ही 'ट्यूनिंग झालंय' सांगणारी खूण पडते आणि ती दुसऱ्या शोरूमलाही दिसते. वायरमध्ये जोडायचा ट्यूनिंग बॉक्स काढता येतो, पण तोही निष्पाप नाही: सेन्सरचा आकडा कमी दाखवून तो इंजिनाकडून जास्त बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब) काढून घेतो, आणि जास्त ताणाच्या खुणा यंत्रात राहतात. एरर कोड पुसून गेलात तर कोड नुकतेच पुसलेत हेही स्कॅनरवर कळतं.

त्यात आपलं हवामान. परभणी-नांदेडला मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे जातो. आत जाणारी हवा तापली की ईसीयू इंजिन वाचवण्यासाठी स्वतःच इग्निशन (ठिणगीची वेळ) मागे घेतो आणि ताकद घटते. दुपारी दोन वाजता विकत घेतलेले घोडे निम्मे तबेल्यातच बसतात. आणि समृद्धीवर कारची मर्यादा १२०. ती गाठायला मूळ इंजिन पुरेसं आहे. रिमॅप करायचाच असेल तर वॉरंटी संपल्यावर करा. त्याआधी करायचा असेल तर इंजिन-पेटीचा खर्च बाजूला काढून ठेवा आणि शोरूमशी खोटं बोलू नका.

पायरी ७: कागद

बदलाच्या आदल्या दिवशी अधिकृत सेंटरमध्ये गाडी स्कॅन करून 'दोष नाही' अशी नोंद जॉब कार्डावर घ्या. काढलेले मूळ भाग गोणीत भरून माळ्यावर ठेवा, भंगारात देऊ नका. प्रत्येक बिलावर तारीख, किलोमीटर आणि भागाचा नंबर असावा. सर्व्हिसची मुदत एक दिवसही चुकवू नका, आणि तेल कंपनीने नेमून दिलेल्या ग्रेडचंच. शंका असेल तर ईमेलने विचारा: 'मी अमुक भाग बसवतोय, वॉरंटीवर परिणाम होईल का?' तोंडी 'चालतंय साहेब' म्हणणारा अ‍ॅडव्हायझर सहा महिन्यांनी दुसऱ्या शोरूमला गेलेला असतो. विमा कंपनीलाही कळवून एन्डोर्समेंट (पॉलिसीवर बदलाची नोंद) करून घ्या, नाहीतर वॉरंटी वाचेल आणि अपघाताचा दावा अडकेल.

पायरी ८: दावा नाकारला तर

काउंटरवर आवाज चढवू नका. फक्त लेखी मागा: कोणता भाग, कोणतं कलम, आणि माझ्या बदलाचा या बिघाडाशी संबंध कसा. टायर बदलले म्हणून एसीचा कॉम्प्रेसर नाकारणाऱ्याला हे लिहून देणं अवघड जातं. मग कंपनीच्या विभागीय तांत्रिक अधिकाऱ्याकडून तपासणी मागा आणि पत्रव्यवहाराची प्रत ठेवा.

तरीही हात वर केले तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथेही भिजत घोंगडं पडलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्ह्यातच चालतं. २०१९ च्या कायद्याने आणखी एक सोय केली: तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. गाडी पुण्याहून घेतलेली असली तरी हिंगोलीकराने हिंगोलीतच दाखल करावी. वाद उद्भवल्यापासून दोन वर्षांच्या आत.