घातांक नेमका कोणाच्या डोक्यावर? शून्य, ऋण आणि अपूर्णांकी घातांकांना सरळ रूप देताना

घातांकांचे नियम तोंडपाठ असतात, तरी उत्तर चुकतं. बहुतेक वेळा कारण एकच: घातांक कोणाच्या डोक्यावर बसलाय हे न बघताच हात चालू झालेला असतो. घातांक फक्त त्याला चिकटलेल्या पायाचा असतो. जास्त पदांना तो लागू व्हायचा तर कंस हवाच. (इथे ^ या खुणेनंतर घातांक लिहिला आहे. अ आणि ब या चलांच्या किमती, वेगळं सांगितलं नसेल तिथे, धन मानल्या आहेत. क्ष आणि य मुद्दाम टाळले, त्यांचा गुणाकार केला की 'क्षय' होतो.)

५अ^० म्हणजे ५, कारण शून्य एकट्या अ वर आहे आणि अ^० = १. (५अ)^० मात्र १. तसंच −३^० = −१, पण (−३)^० = १. 'शून्य घात म्हणजे उत्तर शून्य' हे डोक्यातून जात नसेल तर २ चे घात उतरत्या क्रमाने लिहा: ८, ४, २. दर पायरीला २ ने भागलं जातंय, तेव्हा पुढे १ येणार, मग १/२, मग १/४. शून्य आणि ऋण दोन्ही घातांक त्याच ओळीत सापडतात. पाया शून्य असेल तर हा भागाकारच करता येत नाही, म्हणून 'अ ≠ ०' ही अट.

ऋण घातांकामुळे संख्या ऋण होत नाही, पद फक्त अपूर्णांकाच्या रेषेच्या पलीकडे जातं. २अ^(−३) = २/अ^३; इथे २ वरच राहतो. (२अ)^(−३) = १/(८अ^३); इथे दोघंही खाली उतरतात. भागाकारात घातांक वजा करताना खालचा घातांक कंसात लिहा: अ^२ ÷ अ^(−३) म्हणजे अ^(२−(−३)) = अ^५. कंस गाळला की हमखास अ^(−१) येतो.

अपूर्णांकी घातांकात छेद मूळ सांगतो आणि अंश घात. क्रम कोणताही चालतो, तरी आधी मूळ काढा. २७^(४/३) साठी घनमूळ ३, त्याचा चौथा घात ८१. आधी घात केला तर ५३१४४१ चं घनमूळ काढत बसावं लागेल. गुणाकारात घातांकांची बेरीज होते, तीही नेहमीच्या अपूर्णांकांसारखी, छेद समान करून: अ^(१/२) × अ^(१/३) = अ^(५/६). इथे १/६ किंवा २/५ लिहिणारे पुष्कळ भेटतात.

आता सगळं एकत्र आलेलं गणित:

[२७अ^(−३)ब^६ ÷ (८अ^३ब^०)]^(−२/३)

आधी कंसाच्या आतलं आवरा. ब^० = १, अ चा घातांक −३−३ = −६. आत उरलं (२७/८)अ^(−६)ब^६. मग बाहेरचा घातांक प्रत्येक घटकाला लावा, सहगुणकालाही. नेमका तोच विसरला जातो. (२७/८)^(−२/३) = (८/२७)^(२/३) = (२/३)^२ = ४/९. अ चा घातांक (−६) × (−२/३) = ४, ब चा ६ × (−२/३) = −४. ऋण घातांक सर्वांत शेवटी खाली पाठवा:

४अ^४ / (९ब^४)

पडताळ्यासाठी अ = २, ब = १ घ्या. मूळ राशीत कंसात २७/५१२ येतं, घनमूळ ३/८, वर्ग ९/६४, व्यस्त ६४/९. उत्तरात ४ × १६ / ९, म्हणजे तेच. अ आणि ब दोन्ही १ घेऊन पडताळा घेऊ नका. १ चा कुठलाही घात १ च, त्यामुळे घातांकातली चूक लपून राहते. ब साठी असाच पडताळा ब = २ घेऊन करा.

कंसात बेरीज असेल तर बाहेरचा घातांक असा प्रत्येक पदाला वेगळा लावता येत नाही. (अ^(−१) + ब^(−१))^(−१) म्हणजे अ + ब नव्हे. २ आणि ३ घालून बघा: १/२ + १/३ = ५/६, व्यस्त ६/५; पाच नाही. आधी बेरीज, मग व्यस्त: अब/(अ+ब). समांतर जोडलेल्या दोन रोधांचं सूत्र हेच.

पाया ऋण असू शकत असेल तर जपून. (अ^२)^(१/२) चं उत्तर अ नसून |अ|; अ = −३ असेल तर ९ चं वर्गमूळ ३ येतं. (−८)^(१/३) ला −२ म्हटलं आणि घातांक २/६ असा लिहिला, तर ६४ चं सहावं मूळ २ मिळतं. म्हणूनच अपूर्णांकी घातांकासाठी पाया धन घेतात.

कॅल्क्युलेटरवर ८^(२/३) साठी घातांकाचा कंस दाबलाच पाहिजे. नुसतं ८^२/३ दिलं तर तो ६४ ला ३ ने भागतो आणि ४ ऐवजी २१.३३ दाखवतो.